जुन्या जॅझच्या फिती पाहताना नजर कुठे ठेवायची

पियानोवादक फॅट्स वॉलरची 1941 मधली एखादी तीन मिनिटांची फीत लावा आणि पहिला सूर कानावर पडायच्या आत त्याच्या कोटाचा छातीवरचा खिसा पाहून घ्या. पुरुषांच्या कोटाला तो खिसा डाव्या बाजूला असतो. माणूस आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर पडद्यावर तो आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. डावीकडे दिसला, तर फीत आरशातल्यासारखी उलटी आहे. मग तिच्यातला प्रत्येक हात चुकीचा. उजव्या हाताची करामत म्हणून ज्याला दाद द्याल, तो डावा हात निघेल.

असं होण्याचं कारण एका यंत्रात आहे. 1940 नंतरची सहा-सात वर्षं अमेरिकेतल्या बारमध्ये, हॉटेलांत 'पॅनोरॅम' नावाचं कपाटाएवढं यंत्र ठेवलेलं असे. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचं. दहा सेंटचं नाणं टाकलं की 16 मिलिमीटरच्या फितीवरचं एक गाणं लागायचं. एका रिळावर आठ गाणी, आणि रीळ जिथे थांबलं असेल तिथलंच पुढचं गाणं दिसणार, निवड नाही. प्रोजेक्टर यंत्राच्या पोटात, चित्र आरशांवरून फिरून मागच्या बाजूने पडद्यावर येणार. आरशात उलटं होणार म्हणून फीत छापतानाच उलटी छापत. या छोट्या फितींना 'साउंडी' म्हणत आणि त्या 1,800 च्या वर निघाल्या. पुढे यातल्या काही घरगुती प्रोजेक्टरसाठी सुलट छापून विकल्या गेल्या. पण मूळ यंत्रातली फीत कुणी थेट डिजिटल केली आणि सुलटी करायची राहिली, तर आपल्यापर्यंत उलटंच चित्र येतं. नावाची पाटी असेल तर अक्षरं उलटी दिसून लगेच कळतं. पाटी कापलेली असली की खिसा शोधावा लागतो.

खिसा दिसत नसेल तर वाद्यांकडे बघा. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला जवळून पाहिलं असेल तर आठवून बघा: ट्रम्पेटच्या तीन कळा उजव्या हाताची बोटं दाबतात. ट्रॉम्बोनची सरकती नळी उजव्या हातात. सॅक्सोफोनवर डावा हात वर, उजवा खाली. डबल बासची मान डाव्या हातात. ड्रमरची हाय-हॅट ही जोडझांज डाव्या पायाखाली. गिटारवरून मात्र निकाल देऊ नका, डावखुरे गिटारवादक असतात. फीत इंटरनेटवरून उतरवलेली असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'टूल्स', 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स', 'व्हिडिओ इफेक्ट्स', 'जॉमेट्री' असं जाऊन 'ट्रान्सफॉर्म'ला टिक करा आणि 'फ्लिप हॉरिझॉन्टली' निवडा. काम संपलं की ती टिक आठवणीने काढा, नाहीतर पुढची सुलटी फीत उलटी दिसेल.

दुसरी तपासणी आकाराची. 1930 ते 1960 च्या दशकांतलं टीव्हीवरचं सगळं जॅझ आणि बहुतेक लघुपट 4:3 च्या चौकटीत आहेत. आपले टीव्ही 16:9. चित्र ताणून पडदा भरला की रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि पियानोवादक काउंट बेसी आहे त्याहून जाड दिसतो. मोजायला सोपी खूण म्हणजे ड्रमरच्या पायाजवळचा मोठा बास ड्रम. तो समोरून दिसत असताना चित्र थांबवा आणि पडद्याला पट्टी लावा. उभं माप आणि आडवं माप सारखं आलं पाहिजे. आडवं जास्त आलं तर टीव्हीच्या 'पिक्चर साइज'मध्ये 4:3 किंवा 'ओरिजिनल' निवडा. व्हीएलसीमध्ये 'ए' दाबत गेलं की 4:3 येतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. ते यायलाच हवेत.

ताणलेलं चित्र दुरुस्त होतं, कापलेलं होत नाही. काही जण 16:9 साठी वरून-खालून कापून फीत इंटरनेटवर चढवतात. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि वाद्यसंगीताच्या फितीत जातं काय, तर पियानोच्या पट्ट्या आणि बोटं. कपाळ वरच्या कडेला चिकटलेलं आणि हात खालच्या कडेत बुडालेले दिसले की ती प्रत सोडा, दुसरी शोधा.

यानंतर सूर. यात सर्वांत जास्त लोक फसतात. अमेरिकन फीत सेकंदाला 24 चौकटींची. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत 25 ची. जुन्या डीव्हीडीवर घालताना बऱ्याचदा 24 ची फीत सरळ 25 ने पळवली जाते. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि सूर पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास पाऊण भाग वर चढतो: काळी पाचचं गाणं पांढरी सातच्या खाली कुठेतरी लोंबकळतं. एखाद्याला वाटेल, चार टक्क्यांनी काय बिघडलं? बिघडतं ते असं, की टेनर सॅक्सोफोनचा भरदार आवाज पातळ होतो आणि संथ ब्लूजमधला ठेहराव जातो.

ओळखायची रीत: मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा. जॅझमधल्या फुंकवाद्यांच्या सोयीच्या पट्ट्या म्हणजे काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनची घडणच काळी पाचची. शेवटचा लांबवलेला सूर ॲपवर जुळवून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध, वरच्या पट्टीकडे झुकलेला निघाला तर वेगावर संशय घ्या. एका पियानोवरून निकाल नको, तो क्लबचा पियानोच उतरलेला असू शकतो. एकाच कार्यक्रमातली दोन-तीन गाणी तेवढ्याच अंतराने चढलेली असतील तर मात्र प्रत पळवलेलीच आहे. व्हीएलसीत वेग 0.96 करा. पण आधी ऑडिओच्या सेटिंगमधली 'टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ'ची टिक काढा. ती असली तर वेग उतरतो आणि सूर चढलेलाच राहतो, कारण सूर जागेवर ठेवणं हेच तिचं काम. यूट्यूबवर याच कारणाने ही दुरुस्ती होत नाही. आणि हे सगळं फक्त अमेरिकन फितींना लागू. बीबीसीचे किंवा ऑस्लोचे कार्यक्रम मुळात 25 चेच, त्यांना 0.96 लावलं तर धडधाकट माणसाला औषध पाजल्यासारखं होईल.

(ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 मधल्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीची पहिली बाजूच चढलेल्या सुरात निघाली होती. मुद्रण करणारं एक यंत्र किंचित हळू चालत होतं. 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांत ते सुधारलं. त्यामुळे जुनी तबकडी ऐकून कान तयार झालेल्यांना त्याच तबकडीतली 'सो व्हॉट' ही रचना टीव्हीवर उतरलेली वाटू शकते. तिथे फीत बरोबर असते.)

चौथी गोष्ट आवाज आणि चित्र यांच्या जुळणीची. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर असेल तर आवाज साधारण 100 ते 300 मिलिसेकंद मागे राहतो. मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत एक मात्रा 300 मिलिसेकंदांची. म्हणजे काठी झांजेवर पडलेली दिसते आणि आवाज जवळजवळ पुढच्या मात्रेला येतो. असं बघून 'हे खोटं वाजवतायत' असा निष्कर्ष काढणं अन्याय आहे. काही ॲप हा फरक आपोआप भरून काढतात, काही नाही. खात्री हवी तर तार लावा. व्हीएलसीत 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज 50-50 मिलिसेकंद पुढे-मागे सरकतो. आवाज उशिरा येत असेल तर 'जे'. जुळवताना ओठ किंवा बोटं बघू नका, ड्रमरची काठी बघा. काठी सर्वांत खाली असते तो क्षण आणि ठोका एकत्र आले पाहिजेत.

जुळणी नीट केल्यावरही कुठे कुठे बोटं आणि सूर जमत नाहीत, आणि तिथे दोष आपला नसतो. साउंडींचा आवाज आधी मुद्रित करत आणि मग कॅमेऱ्यासमोर वादक वाजवल्याचा अभिनय करत. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. हिंदी-मराठी चित्रपटातलं प्रत्येक गाणं आपण असंच पाहत आलो. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतावर मुंबईतला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो, तेही आधीच मुद्रित केलेल्या संगीतावरच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी जॅझचा ठेका मराठी-हिंदी कानांत किती आधी उतरवला होता, ते त्या चित्रपटात ऐकू येतं. नजर तयार करायला तिथून सुरुवात करा आणि मग 1944 चा 'जॅमिन द ब्लूज' लावा.

दहा मिनिटांचा हा लघुपट छायाचित्रकार ग्यॉन मिलीने वॉर्नर ब्रदर्ससाठी केला. यातही आवाज आधीचा आहे. मिली छायाचित्रकार असल्याचं पहिल्याच चित्रात दिसतं: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वर्तुळं, ती काय आहेत ते कळत नाही. मग ती हलतात आणि लक्षात येतं, ही सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची चपटी गोल टोपी आहे, वरून पाहिलेली. तो तोंड वर करतो. धूर वर चढतो. सॅक्सोफोन तो बाजूला तिरपा धरतो, इतर कुणी धरत नाही तसा. सिड कॅटलेट वाजवता वाजवता ड्रम जो जोन्सच्या हवाली करतो ती जागा दोनदा पाहण्यासारखी आहे. आणि गिटारवर बार्नी केसल शोधून दाखवा. सापडायला वेळ लागेल, कारण तो त्या संचातला एकटाच गोरा वादक आणि त्याला मुद्दाम अंधारात ठेवलंय. काळे आणि गोरे वादक एका चौकटीत स्पष्ट दिसलेले त्या काळच्या अमेरिकेत चालत नव्हते.

या भेदाकडे काणाडोळा करून या फिती पाहता येत नाहीत. 1932 च्या 'अ रॅप्सडी इन ब्लॅक अँड ब्लू'मध्ये लुई आर्मस्ट्राँगला बिबट्याच्या कातड्यात, साबणाच्या फेसात उभं केलंय. पाहताना लाज वाटते, वाटायलाच हवी. पण त्याच्या ट्रम्पेटकडे लक्ष द्या: त्या पोशाखाने त्याच्या एका सुरालाही धक्का लागलेला नाही. त्याच्यापुढे 1933 मध्ये कोपनहेगनला घेतलेली फीत लावा. आर्मस्ट्राँग साध्या सुटात, मागे त्याचा संच, हातात पांढरा रुमाल, 'डायना' गातोय. एका वर्षाच्या अंतराने तोच माणूस. या दोन फिती एकामागून एक दाखवल्या की वेगळं भाषण करावं लागत नाही.

इथवर प्रत तपासून झाली. आता माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट. जॅझची फीत पाहताना बहुतेकांची नजर जो वाजवतोय त्याच्यावर असते, आणि कॅमेराही तिकडेच असतो. पण वाजवणाऱ्याने काय केलं ते तबकडीवरही ऐकू येतं. फितीत जास्तीचं जे मिळतं ते दुसऱ्याचं वाजणं ऐकणाऱ्याचा चेहरा. आपल्या बैठकीत मागे बसलेला शिष्य एखाद्या जागेवर मान हलवतो, तबलजी गवयाकडे बघून हसतो, तेच हे. जो वाजवत नाही त्याला आधी शोधा.

यासाठी 8 डिसेंबर 1957 चा सीबीएस या अमेरिकन वाहिनीचा 'द साउंड ऑफ जॅझ' हा तासाभराचा कार्यक्रम सगळ्यांत श्रीमंत. तो थेट प्रक्षेपित झाला. कॅमेरे, मायक्रोफोन, वायरी उघड्या दिसतात, वादक डोक्यावर टोपी ठेवून, सिगारेट ओढत वावरतात. आज आपण पाहतो ती 'किनेस्कोप' प्रत, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून घेतलेली. तिच्या खुणा ठरलेल्या: बारीक आडव्या रेषा, गोलसर कोपरे, पांढऱ्या रंगाभोवती पसरलेला उजेड. या प्रतीत मुळातच पाचशेच्या आत रेषांचा तपशील आहे. कुणी '4के' असं लिहून चढवली तरी त्यात नवीन काही येत नाही. 'जॅमिन द ब्लूज' किंवा बर्ट स्टर्नने न्यूपोर्टच्या 1958 च्या महोत्सवात रंगीत चित्रित केलेला 'जॅझ ऑन अ समर्स डे' हे मात्र खरे चित्रपट. त्यांची चांगली प्रत मिळवण्यात अर्थ आहे.

त्या कार्यक्रमात थेलोनियस मंक पियानोवर बसलाय आणि पियानोच्या पलीकडे अगदी समोर काउंट बेसी येऊन बसलाय, ऐकायला. मंकची बोटं पाहा: सपाट, ताठ, आपल्याला शिकवतात तशी वळलेली नाहीत. पट्टीवर हात वरून टाकल्यासारखा पडतो. बेसी पुढे झुकून हसतो. बेसी स्वतः कमीत कमी सुरांत काम भागवणारा, आणि मंक मधल्या जागा रिकाम्या सोडणारा. कोणत्या सुराला बेसी हसतो ते धरा, त्या सुराच्या आधी बहुधा एक रिकामी मात्रा सापडेल.

मग गायिका बिली हॉलिडेचं 'फाइन अँड मेलो'. इथे मोजायला शिकलेलं कामाला येतं. बारा बारचा ब्लूज म्हणजे चार-चार मात्रांचे बारा गट, एकूण 48 मात्रा. त्याच्या तीन ओळी, प्रत्येक ओळ 16 मात्रांची. म्हणजे लांबीने बरोबर तीन तीनतालाची आवर्तनं. पहिली ओळ म्हटली जाते, दुसऱ्यांदा तीच, तिसऱ्या ओळीत उत्तर. तीनताल बोटांवर मोजता येत असेल तर ब्लूजमध्ये तुम्ही हरवणार नाही. टाळी मात्र आपल्या जागेवर देऊ नका. जॅझमध्ये चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. समेवर टाळी दिली की सगळं बँडच्या संचलनासारखं वाटायला लागतं. 32 बारची गाणीही अशीच: आठ-आठ बारचे चार भाग, प्रत्येक भाग तीनतालाची दोन आवर्तनं, तिसरा भाग वेगळ्या चालीचा, अंतऱ्यासारखा.

हॉलिडे उंच स्टुलावर, केस मागे बांधलेले, भोवती वादकांचा अर्धगोल. पहिलं आवर्तन ती गाते. मग सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टर एक आवर्तन वाजवतो, सुरात श्वास मिसळलेला. त्याच्यानंतर लेस्टर यंग. तो आजारी होता, बसून होता. उठून माइकपाशी येतो आणि एकच आवर्तन वाजवतो. 48 मात्रा. सूर इतके थोडे, की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकताना ते पाठ होतात. कॅमेरा हॉलिडेच्या चेहऱ्यावर जातो. तिची मान हळूहळू हलते, ओठांवर हसू येतं, डोळे अर्धे मिटतात, पुन्हा त्याच्याकडे वळतात. ती त्याच्या पुढच्या सुराच्या किंचित आधी मान हलवते, म्हणजे तो कुठे जाणार हे तिला माहीत आहे. 1930 च्या दशकात दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रणं केली होती, 'लेडी डे' हे नाव तिला त्याने दिलेलं, 'प्रेझ' हे त्याला तिने. पंधरा महिन्यांनी, 15 मार्च 1959 ला यंग गेला. त्याच वर्षी 17 जुलैला ती. यंगनंतर पुन्हा ती गाते, पुढे व्हिक डिकन्सन, जेरी मलिगन, कोलमन हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज. प्रत्येकाच्या वेळी तिचा चेहरा वेगळा होतो. पूर्ण फीत एकदा फक्त तिच्याकडे बघत पाहा, ती चौकटीत नसेल तेव्हा डोळे मिटून.

एक सावधगिरी. याच कार्यक्रमासाठी आधी 4 डिसेंबरला ध्वनिमुद्रण झालं आणि त्याची तबकडी कोलंबियाने काढली. ती वेगळी आहे. तबकडी ऐकून सूर पाठ केले आणि फितीत ते सापडले नाहीत, तर गोंधळू नका.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या बाबतीत निवड करायला वाव नाही. प्रत्यक्ष वाजवताना, आवाजासह, त्याची एकच फीत उरली आहे: 24 फेब्रुवारी 1952, ड्यूमाँट टीव्ही, डिझी गिलेस्पीबरोबर 'हॉट हाउस'. इतक्या वेगवान वादनात पार्करची बोटं कळांवरून जेमतेम उचलली जातात. चेहरा स्थिर, खांदे स्थिर, हलतात ते फक्त डोळे. यूट्यूबवर चित्र थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक चौकट पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. अर्ध्या वेगावर आवाज ऐकवत नाही, पण हात बघायला अर्धा वेगच योग्य. आणि गिलेस्पीच्या ट्रम्पेटचं तोंड इथे सरळ आहे हे पाहून ठेवा. 6 जानेवारी 1953 ला रंगमंचावर कुणीतरी त्याच्या ट्रम्पेटवर पडलं, तोंड वाकून वर झालं, तो आवाज त्याला आवडला आणि पुढे त्याने तशीच ट्रम्पेट बनवून घेतली. म्हणून वर वळलेल्या ट्रम्पेटसह गिलेस्पी दिसतोय आणि खाली 1948 लिहिलंय, तर ते वर्ष चूक.

माइल्स डेव्हिसचा 2 एप्रिल 1959 ला मुद्रित झालेला सीबीएसचा कार्यक्रम आपल्या कानाला सर्वांत लवकर लागेल असं मला वाटतं. 'सो व्हॉट'साठी तानपुरा पांढरी दोनवर लावा. पांढरी दोन सा धरली तर कोमल गंधार, कोमल निषाद: काफी थाटाचेच स्वर. सोळा बार तिथे, मग आठ बार सगळं अर्ध्या सुराने वर काळी दोनवर सरकतं, मग आठ बार परत खाली. ते सरकणं तानपुऱ्याशी लगेच टोचतं, म्हणून पहिल्यांदा पाहताना ॲप चालूच ठेवा. माइल्स आपलं वाजवून झाल्यावर चौकटीतून बाहेर पडतो. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन सुरू करतो. कॅमेरा फिरतो तेव्हा मागे माइल्स इतर वादकांच्या घोळक्यात सिगारेट ओढत उभा आहे. चेहऱ्यावर हॉलिडेसारखं काही उमटत नाही. तरी तो ऐकतोय.

कोल्ट्रेनचे स्वतःच्या चौकडीचे दोन कार्यक्रम एकत्र पाहावेत. 7 डिसेंबर 1963 चा सॅन फ्रान्सिस्कोतला 'जॅझ कॅज्युअल', ज्यात 'अलाबामा' आहे. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये त्याच वर्षी 15 सप्टेंबरला स्फोट होऊन चार मुली गेल्या, त्यानंतरची ही रचना. ड्रमर एल्विन जोन्स बराच वेळ ठेका धरतच नाही, फक्त झांजा आणि घुमारा. दुसरा 1 ऑगस्ट 1965 चा बेल्जियममधल्या कोंब्लँ-ला-तूरचा, उघड्यावरचा, गार हवेतला. इथे त्याच एल्विन जोन्सच्या अंगातून वाफा निघताना दिसतात.

वेस माँटगोमेरीच्या 1965 च्या युरोपातल्या फिती गिटार शिकणाऱ्यांनी हातासाठी बघाव्यात: नखी नाही, फक्त अंगठा. एकाच स्वराची वरची आणि खालची जोडी तो एकदम वाजवतो, तर्जनी एका तारेवर, करंगळी किंवा अनामिका दुसरीवर, आणि मधली तार बोटाच्या टेकण्याने मुकी. बीबीसीच्या 'जॅझ 625' मालिकेत (नाव नव्या 625 रेषांच्या प्रक्षेपणावरून, 1964 पासून) पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचे दोन भाग आहेत, तिथे बास आणि ड्रम कसे वाट बघतात ते दिसतं.

आता घरची बाजू. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 40 च्या वर असतो आणि कूलरशिवाय बसवत नाही. पण ड्रमर ब्रशने ड्रम घासतो तो आवाज आणि कूलरच्या हवेचा आवाज जवळजवळ एकाच जातीचे, त्यामुळे ब्रश आधी गिळला जातो. शेजारी लूम चालू असतील तर मग लयच गेली. रात्री दहानंतर किंवा पहाटे पाहा, नाहीतर कान झाकणारे तारेचे हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास जवळपास नसतोच. त्याची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची, आणि छोट्या स्पीकरला 200 च्या खाली बळ नसतं. बास ऐकू आला नाही तर बाकीचे कुणाच्या आधारावर उड्या मारतायत ते कळणार नाही. खरखर जावी म्हणून आवाज स्वच्छ करणारं फिल्टर लावू नका, खरखरीबरोबर ब्रश आणि झांजाही जातात.

दहा-बारा जण जमणार असतील तर शहाबादी फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. खाली सतरंज्या घाला. खिडक्यांना आणि स्पीकरसमोरच्या भिंतीला जाड सोलापुरी चादरी टांगा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून. अंधारही होतो आणि घुमणंही कमी होतं. बासचा घुमारा चादरीने जात नाही, त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. मुद्रण मोनो आहे, म्हणून एकच चांगला स्पीकर चित्राच्या खाली मधोमध ठेवला तर दोनांपेक्षा बरं. 'सराउंड' बंद.

चित्र मोठं करण्याचा मोह आवरा. किनेस्कोप प्रत चित्राच्या उंचीच्या सहा-सात पट लांबून पाहिली तर रेषा मिटतात. 15 फुटांच्या खोलीत म्हणजे सव्वादोन ते अडीच फूट उंच आणि तीन-सव्वातीन फूट रुंद चित्र पुरे. 32 इंची टीव्ही असेल तर नऊ फुटांवर बसा. शार्पनेस शून्य, 'व्हिविड' बंद, आणि कंपनीप्रमाणे 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो', 'ऑटो मोशन प्लस' अशा नावाने असलेली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. ती चालू असली की दोन चौकटींच्या मधली चौकट यंत्र कल्पनेने भरतं आणि ड्रमरची काठी मध्येच विरघळते. हल्ली रंगवून, 60 चौकटींच्या करून चढवलेल्या प्रती दिसतात, त्यांत हाच दोष कायमचा भाजलेला असतो. हॉलिडेचा चेहरा तिथे मेणाचा होतो आणि मान हलण्याआधीचा तो क्षण पुसला जातो. वीज जाण्याची भीती असेल तर दिव्याच्या प्रोजेक्टरला यूपीएस द्या, कारण पंखा एकदम थांबला की तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं.

पहिल्या रात्रीसाठी क्रम असा लावा: आर्मस्ट्राँगच्या दोन फिती, 'जॅमिन द ब्लूज', 'हॉट हाउस', मंक आणि बेसी, मग पाच मिनिटं दिवे लावून चहा, आणि 'सो व्हॉट'. सगळं मिळून तासाभरात बसतं. 'फाइन अँड मेलो' शेवटी, आणि ते संपल्यावर पुढची फीत आपोआप सुरू होणार नाही हे आधी बघून ठेवा.